साखळीवर चालणाऱ्या गॅरेज-ओपनरचा गिअर पुन्हा पुन्हा झिजत असेल तर

बटण दाबल्यावर ओपनरचा दिवा लागतो, मोटर फिरल्याचा आवाज स्पष्ट येतो, पण साखळी जागची हलत नाही आणि दार बंदच राहते. खाली पाहावे तर फरशीवर किंवा गाडीच्या टपावर, साबणाच्या चुऱ्यासारखी पांढरी भुकटी पडलेली असते. ही खूण दिसली की निदान जवळजवळ झालेच म्हणायचे: डब्याच्या आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दाते झिजून गेले आहेत आणि मोटर आता मोकळीच फिरते आहे. गिअर बदलला की ओपनर त्याच दिवशी चालू होतो. पुढे वर्ष-दीड वर्षात तीच भुकटी पुन्हा पडते, तेव्हा खरा प्रश्न सुरू होतो.

माझ्याकडे असे दोनदा झाले. मूळचा गिअर अनेक वर्षे तक्रारीविना चालला होता. तो गेल्यावर मी तसाच नवा आणून बसवला, आणि तो चौदा महिन्यांत संपला. पहिल्या वेळी मी भाग बदलला होता, बिघाडाचे मूळ पाहिलेच नव्हते. दुसऱ्या वेळी ते पाहिले आणि दोष ओपनरच्या डब्यात नव्हे तर दारात निघाला. म्हणून नवा गिअर मागवण्याआधी दाराची तपासणी करावी, असे मी आग्रहाने सांगतो.

आधी यंत्राची रचना थोडक्यात. मोटरच्या दांड्यावर पोलादी वर्म बसवलेला असतो, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला एक छोटा दंडगोल. त्याचे आटे एका उभ्या दांड्यावरच्या प्लास्टिकच्या गिअरला फिरवतात. त्याच उभ्या दांड्याच्या वरच्या टोकाला, डब्याच्या बाहेर, स्प्रॉकेट असते, म्हणजे साखळी अडकवणारे दातेरी चाक. साखळी स्प्रॉकेटला वळसा घालून रेलवरून पुढे जाते, दाराच्या वरच्या भिंतीजवळच्या कप्पीवरून वळते आणि परत येते. साखळीला जोडलेली ट्रॉली रेलवरून पुढेमागे सरकते आणि एका वाकड्या दांड्याने दाराच्या वरच्या फळीला ओढते किंवा ढकलते. वर्मचा गुण असा की मोटर गिअरला फिरवू शकते, पण गिअर मोटरला उलटा फिरवू शकत नाही. बंद दार बाहेरून उचलले तरी उघडत नाही ते यामुळेच. पण त्याचा दुसरा अर्थ असा की दाराला बसणारा प्रत्येक हिसका साखळीतून मागे येतो आणि त्या प्लास्टिकच्या दात्यांवर येऊन थांबतो, कारण त्यांच्या पलीकडे पोलाद आहे आणि ते हटत नाही.

आता वजनाचा हिशोब पाहू. एका गाडीच्या गॅरेजचे पत्र्याचे दार सहज पन्नास-साठ किलोच्या घरात जाते आणि दोन गाड्यांचे त्याहून बरेच भारी असते. ते अर्ध्या अश्वशक्तीच्या, म्हणजे सुमारे ३७३ वॅटच्या मोटरने आणि चार-पाच सेंटिमीटर रुंदीच्या प्लास्टिकच्या गिअरने रोज उचलावे, अशी रचना मुळात नसतेच. वजन पेलतात त्या स्प्रिंगा: काही दारांना वरच्या आडव्या दांड्यावर पिळलेल्या, तर काहींना दोन्ही बाजूंच्या आडव्या रुळांशेजारी ताणलेल्या. स्प्रिंगा नीट असल्या तर दार जवळजवळ तरंगत असते आणि ओपनरला ते फक्त सरकवायचे असते. स्प्रिंगांचा जोर कमी पडला, किंवा दाराचे वजन वाढले, तर मधला फरक गिअरच्या वाट्याला येतो.

त्यामुळे पहिली परीक्षा हाताने करायची. दार पूर्ण बंद असतानाच ओपनरचा प्लग काढावा आणि ट्रॉलीला लोंबणारी लाल दोरी खाली ओढून दार साखळीपासून सोडवावे. दार अर्धे किंवा पूर्ण उघडे असताना ही दोरी ओढू नये. स्प्रिंग तुटलेली किंवा फार सैल असेल तर सुटलेले दार क्षणात खाली कोसळते आणि त्याखाली जे असेल ते चिरडते. सुटलेले दार दोन्ही हातांनी, मूठ पकडून, सावकाश वर न्यावे. फळ्यांच्या सांध्यात बोटे घालू नयेत. प्रथम गुडघ्याच्या उंचीवर, मग कमरेच्या आणि मग खांद्याच्या उंचीवर थांबून, हात दारापासून दोन बोटे दूर धरून पाहावे. तोल साधलेले दार त्या त्या ठिकाणी थांबते, फार तर दोन-तीन इंच इकडेतिकडे होते. उचलायला चार-पाच किलोची पिशवी उचलण्याइतका जोर लागावा, त्याहून अधिक नाही. हात काढताच दार खाली धावत असेल तर स्प्रिंगा कमी पडताहेत. आपोआप वर पळत असेल तर ताण जास्त आहे, आणि तेही ओपनरला तितकेच बाधते, कारण मग बंद करताना प्रत्येक वेळी गिअरला स्प्रिंगांच्या विरुद्ध ढकलावे लागते.

हे करताना कानही उघडे ठेवावेत. वाटेत एखाद्या ठरावीक उंचीवर दार अडकून मग सुटत असेल तर तिथला रोलर, बिजागरी किंवा रूळ तपासावा. झिजलेला रोलर हाताने फिरवला तर डगमगतो. वाकलेल्या रुळाजवळ पत्र्यावर घासल्याची चकचकीत रेघ उमटलेली असते, ती टॉर्च तिरपी धरली की लगेच दिसते.

माझे दार कमरेच्या उंचीवरून हात काढताच धाडकन खाली आले. ते पुन्हा उचलताना मला गुडघे वाकवून जोर लावावा लागला, आणि हेच दार ओपनर दिवसातून कित्येक वेळा वर नेत होता. मग उलगडा झाला. पहिला गिअर जाण्याच्या काही महिने आधी मी दाराच्या आतल्या बाजूने थंडी-उष्णता अडवणारे तक्ते बसवले होते आणि खालची फळी पत्र्याने मजबूत केली होती. उरलेला एक तक्ता वजन करून पाहिला आणि बसवलेल्या तक्त्यांच्या संख्येने गुणले, तेव्हा पत्रा धरून दारावर अकरा किलोच्या आसपास भर पडल्याचे निघाले. स्प्रिंगा मात्र जुन्याच वजनाच्या होत्या, आणि वयानेही थकलेल्या. सर्वसाधारण स्प्रिंग सुमारे १०,००० फेऱ्यांच्या हिशोबाने बनवलेली असते, एक फेरी म्हणजे एकदा उघडणे आणि एकदा बंद होणे. रोज चार फेऱ्या धरल्या तर २,५०० दिवसांत, म्हणजे सात वर्षे पुरी होण्याच्या आतच, तिचे ठरलेले आयुष्य संपते. दारावर तक्ते लावणे, काचेची खिडकी बसवणे, लाकडी फळ्या मढवणे किंवा भिजून फुगलेले लाकडी दार तसेच वापरत राहणे, यांपैकी काहीही झाले असेल तर स्प्रिंगांचा विचार त्याच वेळी व्हायला हवा.

स्प्रिंगांचे काम स्वतः करू नये, हे मी पूर्ण गांभीर्याने लिहितो. पिळलेल्या स्प्रिंगेत संपूर्ण दार उचलण्याइतकी ताकद साठवलेली असते. चुकीच्या मापाची सळई घालून किंवा पान्याने ती सैल करू पाहणाऱ्याच्या हाताला आणि चेहऱ्याला गंभीर इजा होऊ शकते. स्प्रिंग तुटली आहे का एवढे लांबून पाहता येते: वेटोळ्यांमध्ये दोन-तीन बोटांची फट दिसते. दाराच्या दोन्ही टोकांना तळाशी असलेल्या ज्या पट्ट्यांना तारेचे दोर जोडलेले असतात, त्यांचे बोल्टही हात लावण्याजोगे नाहीत, कारण तोच ताण त्यांच्यावर असतो. माझ्याकडे प्रशिक्षित कारागिराने दाराचे नवे वजन प्रत्यक्ष मोजले आणि त्यानुसार दोन्ही स्प्रिंगा एकदम बदलल्या. एकच बदलली तर जुनी लवकरच मागोमाग जाते आणि तोवर तोलही नीट साधत नाही.

दाराचा तोल नीट झाल्यावरच डबा उघडावा. काढलेला जुना गिअर फेकून देऊ नये, तो पुष्कळ सांगतो. दाते सगळीकडे सारखे पातळ झाले असतील तर ती वयाची, कोरड्या पडलेल्या ग्रीसची किंवा दीर्घकाळ वाहिलेल्या जास्त भाराची झीज समजावी. परिघाचा एकच तुकडा खरवडून सपाट झाला असेल आणि बाकीचे दाते शाबूत असतील, तर दार कधीतरी अडकलेल्या स्थितीत मोटर जोर लावत राहिली आहे: दाराची हाताने लावायची कडी लागलेली होती, खालचे रबर फरशीला चिकटले होते किंवा रूळ अडला होता. दाते रुंदीच्या एकाच बाजूला झिजले असतील तर उभा दांडा कललेला आहे, आणि त्याचे नेहमीचे कारण म्हणजे वाजवीपेक्षा जास्त ताणलेली साखळी. अशा वेळी डब्यावरचे स्प्रॉकेट बाजूने पाहिले तर दाराच्या दिशेला झुकलेले दिसते. ते हाताने धरून हलवावे. जाणवण्याइतके डगमगत असेल तर ज्या पट्टीत दांडा फिरतो तिचे भोकही मोठे झाले आहे आणि नुसता गिअर बदलून भागणार नाही. माझ्या दुसऱ्या गिअरवर परिघाचा साधारण एक तृतीयांश भाग पूर्ण सपाट झाला होता आणि उरलेल्या दात्यांची टोके सुरीच्या धारेसारखी पातळ झाली होती. जड दार बंद स्थितीतून उचलायला सुरुवात करताना मोटर तिथे रोज झगडत होती.

बदलण्याच्या कामाला सवडीने दोन-अडीच तास धरावेत. स्प्रॉकेट, दांडा आणि गिअर एकत्र जोडलेला संच मिळत असेल तर तोच घ्यावा. सुटा गिअर बसवायचा तर दांड्यातली रोल पिन पंच आणि हातोडीने काढावी लागते आणि त्यात दांडा वाकण्याची भीती असते. तसेच करावे लागले तर दांड्याखाली लाकडाचा ठोकळा भक्कम टेकवून घ्यावा.

दार बंद, प्लग सॉकेटमधून बाहेर, ट्रॉली सोडवलेली, अशी तयारी झाली की साखळीवरच्या एका कडीला आणि तिच्या समोर रेलला रंगाचा ठिपका द्यावा, म्हणजे परत बसवताना साखळी कुठे होती हे अंदाजाने शोधावे लागत नाही. ट्रॉलीजवळच्या आट्यांच्या दांडीवर दोन नट असतात. ते सैल करून साखळीचा ताण काढावा आणि साखळी स्प्रॉकेटवरून उतरवावी. उतरवलेली साखळी लगेच सुतळीने रेललाच बांधून टाकावी. मी पहिल्या वेळी हे केले नव्हते; साखळी पुढच्या कप्पीवरूनही निसटली आणि शिडी दोनदा हलवावी लागली.

डब्याचे झाकण काढल्यावर कशालाही हात लावण्याआधी सर्व तारांचे मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढावेत. मोटरशेजारी लहान डबीसारखा कपॅसिटर असतो, तो मोटरला सुरू व्हायला मदत करतो. प्लग काढल्यानंतरही त्यात विजेचा भार शिल्लक राहू शकतो, म्हणून त्याच्या टोकांना उघड्या बोटांनी किंवा धातूच्या अवजाराने स्पर्श करू नये. जुन्या धाटणीच्या ओपनरात उभ्या दांड्याशेजारी लिमिट स्विचचा (दार वर आणि खाली कुठे थांबावे त्या मर्यादा, म्हणजे लिमिट, ठरवणाऱ्या स्विचचा) जोड असतो आणि त्याचा छोटा गिअर मुख्य दांड्यावरूनच फिरतो. तो जोड अलगद बाजूला करावा. वरच्या बाजूने स्प्रॉकेटची पट्टी धरून ठेवणारे बोल्ट काढले की संपूर्ण संच वर उचलून बाहेर येतो.

यापुढची पायरी कंटाळवाणी असली तरी गाळू नये. डब्याच्या तळाशी, वर्मच्या आट्यांत आणि कोपऱ्यांत साठलेली पांढरी भुकटी जुन्या ग्रीसमध्ये मिसळून घट्ट लगदा झालेली असते. ती कोरड्या ब्रशने आणि फडक्याने पूर्ण पुसून काढावी. तो लगदा तसाच राहिला तर नवे ग्रीस त्यातच मिसळते आणि दात्यांपर्यंत नीट पोहोचत नाही; शिवाय पुढे नवी भुकटी पडू लागली तर ती नवी की जुनी हे कळायला मार्ग उरत नाही. मग वर्मच्या आट्यांवरून नख फिरवावे. कडा गुळगुळीत लागल्या तर वर्म ठेवायला हरकत नाही. नख अडकेल अशा कुसळ्या असतील तर तोही बदलावा, नाहीतर नव्या प्लास्टिकला तो कानशीसारखा कापत राहील. वर्म काढायचा झाल्यास मोटरच्या दांड्याच्या टोकाला खाचा असलेली प्लास्टिकची वाटी असते, ती जपून काढावी. त्या खाचा एका छोट्या सेन्सरमधून फिरतात आणि त्यावरून यंत्राला मोटरचा वेग कळतो. वाटीला तडा गेला किंवा तिच्यावर ग्रीस लागले तर दार चार-सहा इंच हलून थांबू लागते आणि माणूस नसता बिघाड शोधत बसतो.

नवा संच बसवल्यावर सोबत आलेले ग्रीस गिअरच्या सर्व दात्यांवर आणि वर्मवर जाडसर लावावे. मोटरचा दांडा हाताने फिरवून गिअरचा एक पूर्ण वेढा पाहावा. कुठेही कडकपणा जाणवता कामा नये. झाकण लावून, साखळी खुणेप्रमाणे चढवून, ट्रॉली अजून सुटीच ठेवून ओपनर एकदा नुसता चालवावा. या वेळी ओपनर लगेच थांबवता यावा म्हणून बोट बटणापाशी तयार ठेवावे, कारण लिमिट जागेवर नसतील तर साखळीचा जोड कप्पीवर किंवा स्प्रॉकेटवर जाऊन आदळू शकतो.

साखळीचा ताण हा पुढचा विषय, आणि इथे अतिउत्साहाने नुकसान होते. पुष्कळ उत्पादकांच्या पुस्तिकेत रेलच्या मध्यावर साखळी रेलच्या तळापासून साधारण अर्धा इंच, म्हणजे १३ मिलिमीटर, वर राहावी असे सांगितलेले असते. आपल्या यंत्राची पुस्तिका वेगळे माप देत असेल तर तेच पाळावे. ताण पाहताना आणि बदलताना ट्रॉली सोडवलेली असावी. एक नट मागे घ्यायचा, दुसरा अर्धा-अर्धा आटा फिरवत झोळ कमी करायचा, आणि माप आले की दोन्ही नट एकमेकांवर घट्ट करायचे. दार जोडून बंद केल्यावर साखळीला थोडा झोळ दिसतो, तो स्वाभाविक आहे. तो पाहून साखळी वीणेच्या तारेसारखी ताणली जाते, आणि मग उभा दांडा कलतो, स्प्रॉकेटच्या बुडाचे भोक झिजते आणि गिअरचे दाते एका बाजूने जातात. साखळी फारच सैल असेल तर ती रेलवर आपटते आणि सुरू होताना हिसका देते. शिवाय ती स्प्रॉकेटच्या दात्यावरून उडी मारू शकते. लिमिटचा हिशोब दांड्याच्या फेऱ्यांवर चालत असल्याने, अर्ध्या इंचाच्या कड्यांच्या साखळीने एक दाता सोडला की दार थांबण्याची जागा १२-१३ मिलिमीटरने सरकते. लिमिट वारंवार नव्याने लावावी लागत असतील तर स्विच बदलण्याआधी साखळी आणि स्प्रॉकेटचे दाते पाहावेत.

साखळीला हलके ग्रीस पातळ लावावे आणि जास्तीचे पुसून टाकावे. रोलर आणि बिजागऱ्यांनाही थोडे वंगण हवे. रुळांना मात्र वंगण लावू नये, ते फक्त पुसून स्वच्छ ठेवावेत, कारण चिकट रुळात धूळ बसते आणि रोलर फिरण्याऐवजी घसरू लागतात. गंज सोडवण्याचा पातळ स्प्रे या कामाला पुरत नाही. तो उडून जातो आणि जाताना होते तेही ग्रीस धुऊन नेतो.

आता लिमिट आणि जोर. स्क्रूने लिमिट लावायच्या अनेक ओपनरांत स्क्रूचा एक पूर्ण आटा म्हणजे दाराचा सुमारे २ इंच, म्हणजे ५ सेंटिमीटर प्रवास असतो, म्हणून अर्ध्या आट्याने पुढे जावे. खालची मर्यादा अशी असावी की रबर फरशीला टेकून किंचित दबेल एवढेच. ती जास्त ठेवली तर दार फरशीवर दाबले जाते, यंत्र फरशीलाच अडथळा समजते आणि दार उलटे वर जाते. जोराचा स्क्रू सर्वांत कमी स्थितीपासून सुरू करून दार सुरळीत चालेल तेवढाच वाढवावा. अडणाऱ्या दाराचा जोर वाढवणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक उपाय आहे. माझे दार पहिल्यांदा वाटेत थांबू लागले तेव्हा मी जोर वाढवला आणि दार चालू लागले. यंत्र वजन वाढल्याची सूचना देत होते आणि मी ती सूचनाच बंद केली. त्याची किंमत गिअरने चुकवली. त्याहून वाईट म्हणजे त्या काळात दार एखाद्या मुलावर किंवा प्राण्यावर आले असते तर ते वेळेवर उलटले नसते.

म्हणून जोराला किंवा लिमिटला हात लावल्यावर उलटण्याची परीक्षा झालीच पाहिजे. सुमारे दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर जाडीची लाकडी फळी दाराच्या मध्याखाली फरशीवर आडवी ठेवावी आणि दार बंद करावे. फळीला टेकताच दार उलटून वर गेले पाहिजे. ते फळीवर दाबून थांबत असेल तर खालची मर्यादा थोडी आणखी खाली नेऊन पुन्हा पाहावे. तरीही न उलटल्यास ओपनर वापरात आणू नये. त्यानंतर प्रकाशकिरणाचे सेन्सर पाहावेत. ते दोन्ही बाजूंना जमिनीपासून ६ इंचांपेक्षा, म्हणजे १५ सेंटिमीटरपेक्षा, उंच नसावेत, कारण उंच बसवलेल्या किरणाखालून रांगते मूल सुटते. अमेरिकेत १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरांना असे सेन्सर किंवा तत्सम दुसरे संरक्षण सक्तीचे आहे. दार उतरत असताना किरणापुढे केरसुणीचा दांडा धरला की दार लगेच उलटायला हवे. सेन्सर जोडून टाकून किंवा एकमेकांसमोर छताजवळ बांधून काम भागवलेले मी पाहिले आहे. असे कोणीही करू नये.

गिअरसारखीच वाटणारी पण वेगळी दुखणी थोडक्यात सांगतो. मोटर फिरत नाही, फक्त गुणगुणते, भुकटी कुठेच नाही: बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, विशेषतः तो फुगलेला किंवा तळाशी ओला दिसत असेल तर. चार-पाच वेळा लागोपाठ चालवल्यावर ओपनर पूर्ण निपचित पडतो आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होतो: मोटर तापल्याने तिच्या संरक्षक स्विचने तिला तात्पुरते बंद केले होते. तसे रोजच्या वापरात होत असेल तर पुन्हा दाराच्या वजनाकडेच पाहावे. भिंतीवरचे बटण चालते पण रिमोट चालत नाही: आधी भिंतीवरच्या बटणाचे लॉक लागलेले नाही ना ते पाहावे, मग बॅटरी, आणि ओपनरमध्ये नुकताच एलईडी दिवा लावला असेल तर तो काढून पाहावा, कारण काही एलईडी दिव्यांमुळे रिमोटचा पल्ला घटतो. दार उघडते पण बंद होताना लगेच उलटते आणि दिवा लुकलुकतो: सेन्सरच्या भिंगावरची धूळ आणि त्यांची सरळ रेषा तपासावी. हे दिवसाच्या ठरावीक वेळीच होत असेल तर तिरपे ऊन सेन्सरच्या भिंगात शिरते आहे. किरण सोडणाऱ्या आणि तो टिपणाऱ्या सेन्सरांची बाजू बदलणे किंवा भिंगाभोवती पुठ्ठ्याची छोटी नळी लावणे एवढ्याने ते थांबते.

तिसरा गिअर बसवल्यावर सहा आठवड्यांनी मी प्लग काढून झाकण उघडून पाहिले. दात्यांवरचे ग्रीस जागेवर होते, त्यात पांढरा कण नव्हता, आणि डब्याखाली फरशीवर मुद्दाम अंथरलेला काळा कागद कोराच होता. तो कागद मी अजून काढलेला नाही. दर महिन्याला दार हाताने उचलून पाहतो तेव्हा त्याच्यावरही एक नजर टाकतो.